घडी घातलेली चादर

सकाळी साडेपाचला उठलं की मॉनिका आंटी सगळ्यांत आधी चादरीची घडी घालायची. प्रार्थना त्यानंतर, आणि चहा त्याच्याही नंतर. पलंगाच्या कडेला बसून ती चादर झटकायची, टोकाला टोक लावून दुमडायची, पुन्हा दुमडायची, आठपदरी घडी झाली की तळव्याने दाबून उशीवर ठेवायची आणि स्वतःलाच कळवल्यासारखं म्हणायची, "चला, उठलो."

अंधेरी पूर्वेच्या त्या गावठाणात सून म्हणून आली तेव्हा ॲनेटला वाटलं होतं, ही कारखान्याची शिस्त असणार. आंटीने सव्वीस वर्षं औषधांच्या कंपनीत गोळ्यांच्या पाकिटांना चिकटपट्टी लावली होती. पण लग्नाला आठ दिवस झाले नसतील, तोच खरं कारण तिच्या कानावर पडलं. आंटी मुलाला उठवत होती.

"वेन, ऊठ रे. आपला प्रभू तीन दिवस मेलेला होता. उठला तेव्हा डोक्याला बांधलेला रुमाल गुंडाळून नीट बाजूला ठेवला आणि मगच बाहेर पडला. शुभवर्तमानात लिहिलंय. आणि तू आठ तास झोपून उठणार, तर तुझी चादर कोण काढणार? त्याचा शिष्य पेत्र?"

पांघरुणाच्या आतून वेनचा आवाज आला, "मम्मी, त्याला परत झोपायचं नव्हतं. मला रात्री लागणार आहे."

"तेच तर सांगते. परत तिथं जायचं नव्हतं, म्हणूनच घडी घातली. चोरानं देह नेला असता तर सगळं तिथंच लोळत पडलं असतं. घडी कोण घालतो? जो ठरवून निघालाय तो."

वेनने चादर डोक्यावर ओढून घेतली. हा संवाद त्या घरात रोज व्हायचा, शब्द थोडे इकडेतिकडे. वेनने आयुष्यात एकदाही चादरीची घडी घातली नाही.

पुढे एका रविवारी, गावातल्या पोरांचा फुटबॉलचा सामना खेळवताना, तोंडात शिट्टी असतानाच वेन मैदानावर खाली बसला. तो परत उठला नाही. वय एक्केचाळीस.

त्यानंतर घरात दोघीच राहिल्या. ॲनेट शाळेच्या ऑफिसात जायची, दाखले टाइप करायची, घरी यायची. चर्चच्या गायकवृंदात ती पंधरा वर्षं गात होती, ते तिने सोडलं. रविवारची चर्चमधली मिस्सा झाली की ती पिवळ्या शेवंतीची पुडी घेऊन थेट कबरस्तानात जायची आणि ऊन चढेपर्यंत वेनच्या कबरीशी बसायची. आठवडाभरात जे घडलं ते त्याला सांगायची. ती वेळ सोडली तर बाकीचा आठवडा तिला कसा तरी ढकलत न्यायचा असे.

आंटी मात्र कबरस्तानात वर्षातून दोनदाच दिसायची. मृतांच्या दिवशी आणि वेनच्या वाढदिवशी. उरलेल्या रविवारी ती घरी असायची. कुणाला तरी जेवायला बोलावलेलं असायचं, रस्सा शिजत असायचा, ती गुणगुणत कांदा चिरत असायची. ॲनेटला ते बोचायचं. पोटचा मुलगा तिकडे मातीत आहे आणि ही इथं गाणी म्हणते. बोलून ती कधी दाखवत नसे. पण रविवारी ती घरी आली की भांडी जरा जास्त वाजायची.

तीन वर्षं झाली आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या मध्यात चर्चच्या ऑफिसातून पत्र आलं.

पत्र काय असणार, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मुंबईत जिवंताला जागा नाही तिथं मेलेल्याला कायमची कुठून मिळणार? तीन वर्षांनी कबर उघडतात, अस्थी पेटीत घालून कबरस्तानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि कबर पुढच्या माणसासाठी मोकळी करतात. पत्रात एवढंच होतं: कबर क्रमांक ११७, ईस्टरनंतरच्या शनिवारी उघडण्यात येईल, कुटुंबीयांनी सोबतच्या अर्जावर सही करावी.

"मी सही करणार नाही," ॲनेट म्हणाली.

"बरं," आंटी म्हणाली. ती कोलंबी साफ करत होती.

"मी फादरांना सांगणार आहे, आम्हाला कायमची जागा द्या. मी संगमरवरी दगड बसवणार आहे. मी कधीपासून ठरवलंय."

"फादर कुठून देणार जागा? माझ्या सासऱ्याच्या भाताच्या शेतात आता सोळा मजली काच उभी आहे. आमच्या बांधावरून लिफ्ट वर-खाली जाते. इथं कायमचं काय राहिलंय?"

"तुम्हाला काही वाटतच नाही, मम्मी."

आंटीने कोलंबीचा काळा धागा ओढून काढला आणि ताटलीच्या कडेला पुसला. "प्रभूची कबरसुद्धा स्वतःची नव्हती गो. अरिमथाईच्या योसेफाची होती. उसनी. त्यानं तिसऱ्या दिवशी परत केली. आपण तीन वर्षं ठेवली, म्हणजे जरा जास्तच झालं."

ॲनेट उठून आत गेली. अर्ज फ्रिजवर, मिठाच्या बरणीखाली पडून राहिला. फ्रिज उघडताना रोज तो दोघींना दिसायचा.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आंटीने अचानक चपला घातल्या. "चल. मला दाखव तू काय दगड बसवणार आहेस ते. मापं घेऊ."

ॲनेटला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. तिने शेवंती घेतली, आंटीने शिवणाची टेप घेतली, आणि दोघी निघाल्या. मेट्रोच्या खांबांखालून, गॅरेजांच्या रांगेपाशी, चर्चच्या मागच्या फाटकातून आत. जांभळाच्या रोपट्यापासून ॲनेटने मोजलं, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या कबरीशी गुडघे टेकले. कबर देखणी ठेवलेली होती. कडेने विटा, मध्ये झेंडू, गेल्या रविवारची सुकलेली फुलं एका बाजूला.

"छान ठेवलीस," आंटी टेप उलगडत म्हणाली. "क्रॉस कुठाय?"

"पावसाळ्यात झाड पडलं ना, त्याखाली मोडला. म्हटलं आता दगडच बसवू, मध्ये परत लाकडाचा कशाला."

कबरस्तानाचा माळी चंद्रप्रकाश झारी घेऊन तिकडून येत होता. आंटीला बघून त्याने झारी खाली ठेवली. "नमस्ते आंटी. बऱ्याच दिवसांनी. एकशे सतरा बघायला आल्या?"

"हीच ना?"

"नाही नाही. ही एकशे एकोणीस. सतरा ती, तिकडे." त्याने दोन कबरी पलीकडे बोट दाखवलं.

ॲनेट उभी राहिली. "काहीतरीच काय. जांभळापासून तिसरी. मी तीन वर्षं येतेय."

"ताई, जुनं जांभूळ पडलं ते तिकडे होतं. ते खोड काढल्यावर तिथं खड्डाच झाला, म्हणून नवीन रोप मी इकडे सरकवून लावलं. चिखल होता म्हणून तीन आठवडे गेट बंद होतं, आठवतं? त्याच्यानंतर तुम्ही इथं यायला लागल्या." त्याने कान खाजवला. "मला वाटलं, ओळखीचे असतील. बिचाऱ्याकडे कोणीच येत नाही, तर ताई येतात, चांगलं आहे."

"इथं कोण आहे?" आंटीने विचारलं.

"दुमिंग मास्तर."



दुमिंग मास्तर म्हणजे मैदानामागच्या घरात एकटा राहणारा म्हातारा. पोरांचा चेंडू त्याच्या अंगणात गेला की तो कोयत्याने त्याचे दोन तुकडे करायचा आणि दोन्ही तुकडे कुंपणावरून परत टाकायचा. प्रामाणिक माणूस, अर्धा ठेवून घेत नसे. वेनचे अकरा चेंडू त्याने असे परत केले होते. वेन त्याचं नाव काढलं की जेवण सोडून उठायचा. वेननंतर वर्षभराने मास्तर गेला, तेव्हा त्याच्या मयताला चार माणसं होती, त्यातला एक फादर.

आंटीचे खांदे हलायला लागले. तिने टेप तोंडावर धरली, पण उपयोग झाला नाही. ती शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आठ महिने," ॲनेट म्हणाली. "आठ महिने मी याला फुलं घालतेय. मी याच्याशी बोलायचे, मम्मी. सगळं सांगायचे. तुमच्याबद्दलसुद्धा."

"माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"काही नाही."

"सांग गो. मास्तरला सांगितलंस, मला नाही सांगत?"

"की... तुम्ही रस्सा पाण्यासारखा करता."

"ते त्याला आधीच माहीत होतं. दर ईस्टरला मीच डबा पाठवायचे. डबा न धुता परत यायचा."

आणि मग ॲनेटलाही हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. चंद्रप्रकाशने दोघींकडे पाहिलं, झारी उचलली आणि शहाण्या माणसासारखा दुसऱ्या टोकाच्या गुलाबांना पाणी घालायला गेला. तीन वर्षांत ॲनेट अशी हसली नव्हती. हसता हसता तिचं रडू झालं, आणि ते कधी झालं हे तिलाही कळलं नाही.

"आणि वेनकडे आठ महिने कुणीच नाही," ती म्हणाली.

"चल, बघू तर."

एकशे सतरावर गुडघाभर गवत होतं. गोकर्णीचा एक वेल कुठून तरी येऊन पसरला होता, निळ्या फुलांनी भरलेला. त्याच्या सावलीत एक करडी मांजर आडवी पडली होती आणि चार पिल्लं तिला ढुशा देत होती. दोघी जवळ गेल्या तशी मांजरीने एक डोळा उघडला, पाहिलं, मिटला.

"काही अडलंय का त्याचं?" आंटी म्हणाली.

ॲनेट गवतात बसली. वेल बाजूला सारत तिने विचारलं, "तुम्ही का येत नाही, मम्मी? खरं सांगा."

"पहिलं वर्ष रोज यायचे. तू शाळेत गेलीस की. बसायचे, तुझ्यासारखीच." आंटीने गवताची एक काडी तोडली. "मग ईस्टरला वाचन झालं. तेच, दरवर्षीचं. बायका भल्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे जातात. साठ वर्षं मी ते ऐकतेय. त्या वर्षी मला पहिल्यांदा वाटलं, अरे, ही तर मी. आणि तो दूत त्यांना काय म्हणतो? जिवंताला मेलेल्यांत काय शोधता? तो इथं नाही. बसा, रडा, असं म्हणत नाही. म्हणतो, जा, तो तुमच्याआधी गालीलात पोचलाय. आता गालील म्हणजे काय गो? स्वर्ग नाही. त्यांचं गाव. जाळी, होड्या, घर, शेजारी. आणि तिथं गेल्यावर तो काय करत होता? किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे भाजत होता. म्हणाला, या, न्याहारी करा. मरण जिंकून आलेला माणूस, आणि पहिलं काय सुचलं तर ह्यांनी रात्रभर काही खाल्लं नसेल." तिने काडी टाकून दिली. "तेव्हा मी पण घरी गेले. म्हटलं, तो तिथं असेल तर चूल पेटलेली हवी."

ॲनेटने हातातली शेवंती पाहिली. मग ती उठली, पुडी अर्धी केली, अर्धी मांजरीला न उठवता वेलाशी ठेवली आणि उरलेली नेऊन एकशे एकोणीसवर घातली.

"त्याला कशाला?" आंटीने विचारलं.

"सवय झाली असेल त्याला आता."

परतताना टेप एकही माप न घेता आंटीच्या पिशवीत परत गेली.

ईस्टरच्या दिवशी पहाटेच आंटीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने एक फुली मारली. हे तिचं जुनं खूळ. ती म्हणायची, चाळीस दिवस उपास करायला सगळे पुढे. त्यानंतर चर्चने पन्नास दिवस आनंद करायला सांगितलाय, तो कोण करतो? ईस्टरच्या दुपारी बिर्याणी खाऊन झोपलं की लोकांचं पुनरुत्थान संपतं. म्हणून ती ईस्टरपासून पन्नास दिवस रोज एक काहीतरी करायची आणि फुली मारायची. कुणी आजारी असेल तिथं जाऊन बसायचं. अबोला धरलेल्या माणसाशी आधी आपण बोलायचं. शेजारच्या सोसायटीतली सुगंधा राणे आणि तिचं पाण्यावरून वाजलं होतं, ते असंच एका अकराव्या फुलीला मिटलं. आंटी सकाळीच तिच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चूक तुझी होती, पण चहा मी पिणार." सुगंधा म्हणाली, "चूक तुमची आसा, पण साखर किती घालू?"

"पहिली फुली कशाची?" ॲनेटने विचारलं.

"मारून ठेवली. काय करायचं ते अजून ठरलं नाही. तुला काही सुचतंय?"

त्या सकाळच्या मिस्सेला ॲनेट खाली बाकावर न बसता गायकांच्या माळ्याचा जिना चढली. तिथं कुणी काही विचारलं नाही. शेजारणीने नुसतं सरकून आपलं पुस्तक तिच्यापुढे धरलं. पहिल्या आलेलूयाला तिचा आवाज चिरकला. दुसऱ्याला थोडा कमी. खाली तिसऱ्या रांगेत आंटी मागे वळून, मान वर करून, सगळ्यांच्या देखत तिच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर ॲनेटने मिठाची बरणी उचलली आणि अर्जावर सही केली.

शनिवारी सकाळी सात वाजता कबर उघडली. चंद्रप्रकाशने मांजरीचं कुटुंब आधीच टोपलीत घालून आपल्या खोलीशी हलवलं होतं. खोदणारी दोन माणसं सवयीची होती, हळू हाताने काम करणारी. फादरांनी प्रार्थना म्हटली. जे निघालं ते थोडं होतं, आणि ॲनेटला ज्याची भीती वाटत होती तसं काहीच झालं नाही. ते वेनसारखं दिसत नव्हतं. ते वेन मागे ठेवून गेला होता असं काहीतरी होतं.

लाकडाची छोटी पेटी तयार होती. आंटीने पिशवीतून वेनची निळ्या चौकड्यांची चादर काढली. धुतलेली, पण चुरगळलेली, जशी तो टाकायचा तशी.

"मम्मी, द्या," ॲनेट म्हणाली. "मी घालते."

तिने चादर झटकली. एक टोक आंटीने धरलं. टोकाला टोक, मग पुन्हा, मग पुन्हा. आठपदरी घडी झाली तेव्हा ॲनेटने ती तळव्याने दाबली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. अस्थी तिच्यावर ठेवल्या, पेटी कोनाड्यात गेली, वर वेनच्या नावाची लहानशी फरशी बसली. सगळ्याला अर्धा तासही लागला नाही.

निघताना ॲनेट खड्ड्याच्या काठाशी गेली आणि तिने आत वाकून पाहिलं. लाल माती, जांभळाची तुटलेली मुळं, एक गांडूळ घाईघाईने आत शिरत होतं.

"काय आहे?" आंटीने मागून विचारलं.

"काही नाही. रिकामी आहे."

"मग चल, फुगे गार होतील."

आंटी पहाटेच उठून मैद्याचे फुगे तळून आली होती. गोल, टम्म, लिंबाएवढे, पत्र्याच्या डब्यात फडक्याखाली अजून कोमट. तिने कबरस्तानाच्या कट्ट्यावर डबा उघडला आणि खोदणाऱ्यांना, माळ्याला, फादरांना हाक मारली, "या, न्याहारी करून घ्या." चंद्रप्रकाश हात धुऊन आला. ॲनेटने डबा फिरवला. स्वतः खाताना तिच्या लक्षात आलं, आज तिला भूक लागली आहे.

आंटी त्यानंतर दोन वर्षं जगली आणि त्या दोन वर्षांत घर सतत भरलेलं राहिलं. ॲनेट रविवारी गायची, मग घरी येऊन कांदा चिरायची. रस्सा आता तीच करायची, आणि तो दाट असायचा. वेन ज्यांना खेळवायचा त्या पोरांच्या फुटबॉलच्या संघाला तिने नवीन चेंडू आणून दिले. मृतांच्या दिवशी दोघी दोन ठिकाणी फुलं ठेवायच्या, कोनाड्यापाशी आणि एकशे एकोणीसवर, मास्तरची कबर उघडेपर्यंत. मास्तरच्या अर्जावर सही करायला नातेवाईक कुणी सापडेना, तेव्हा ती ॲनेटने केली. नात्याच्या रकान्यात काय लिहू, असं तिने विचारलं. आंटी म्हणाली, "लिही, ओळखीचे."

आंटी गेली ती ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत, कॅलेंडरवर तेविसावी फुली मारून झाल्यावर. दुपारी खुर्चीत, पुढ्यात निवडायला घेतलेल्या वालाच्या शेंगा, निम्म्या सोललेल्या. संध्याकाळी गावठाण दारात लोटलं. सुगंधा राणे चहाचं मोठं पातेलं घेऊन आली आणि साखर न विचारता सगळ्यांना देत सुटली. ॲनेट आतल्या खोलीत गेली तेव्हा पलंगावर चादर ठेवलेली होती. आठपदरी, उशीच्या मधोमध, वर तळवा दाबल्याची खूण.

त्या सकाळी ॲनेट शाळेत जायला निघाली होती. घाईत, एका पायात चप्पल. आंटी खिडकीशी उभी राहून कॅलेंडरवर पेन चालतंय का बघत होती. ती मागे वळून म्हणाली,

"येताना पाव आण. सहा नको, आठ आण. कुणी आलं तर?"